दादूंची न लागलेली झोप

बीएस्सी झाल्यावर चेतनाने अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत मेंदूसंशोधनाचं प्रशिक्षण सुरू केलं, आणि मुलुंडच्या त्यांच्या बिल्डिंगने तिला परस्पर डॉक्टर करून टाकलं. प्रत्यक्षात तिने तोवर फक्त वायरींचा गुंता सोडवला होता.

मग प्रयोगशाळेतल्या सुबोध सरांनी सगळ्या शिकाऊंना पहिलं खरं काम दिलं. एकेक माणूस आणा, दुपारी झोपवा आणि त्याच्या मेंदूच्या लहरी नोंदवा.

चेतनाच्या डोळ्यांसमोर तिचे पप्पा, दादूच आले. बँकेतल्या वॉचमनच्या नोकरीतून रिटायर झाल्यापासून ते रोज सकाळी एकच रडगाणं गात, "रात्रभर डोळ्याला डोळा नाही." त्यावर आई विचारी, "मग घोरत कोण होतं?"

"मशीनला मनातलं कळतं का गं?" दादूंनी आधीच विचारून घेतलं.

"नाही हो पप्पा."

"मग चल."

तारांची टोपी, केसांत थंडगार जेल. दादू नवरदेवासारखे ताठ आडवे झाले. "मला काय झोप येणार नाही, आधीच सांगतो," म्हणाले, आणि थोड्याच वेळात खिडकीची काच थरथरू लागली. पडद्यावर गाढ झोपेच्या संथ, उंच लाटा उमटल्या. चेतनाला मोठं घबाड सापडल्यासारखं झालं.

उठवल्यावर दादू म्हणाले, "नुसता पडलो होतो. झोप कुठली?"

"पप्पा, हा बघा आलेख!"

"मशीन दुरुस्त करून घ्या."

चेतना हसली, पण घरी जाताना तिला चैन पडेना. पप्पा खोटं बोलत नव्हते. तिने दोन दिवस वाचनात घालवले. झोपूनही झोपलो नाही असं वाटणारी माणसं खरोखर असतात, आणि असं का होतं ते अजून नीट कुणालाच ठाऊक नाही.

वर्गात बोलायची वेळ आली की तिची वाट लागायची. पप्पांची नोंद मांडायच्या दिवशी मात्र ती बोलतच सुटली.

"मग खरं कोण? मशीन की तुझे वडील?" सरांनी विचारलं.

"दोघंही, सर. ते झोपतात, पण झोपल्याचं त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही."

सरांनी आलेख जवळ ओढला. "हाच तुझा प्रकल्प," म्हणाले.

घरी तिने सगळ्यांसमोर जाहीर केलं, "पप्पा खोटं बोलत नाहीत."

दादूंनी छाती फुगवून आईकडे पाहिलं. "ऐकलंस, द्रौपदी? मेंदू झोपतो, मी नाही!" मग लेकीकडे वळून हळूच म्हणाले, "परत कधी बोलावतेस? तुमच्याकडचा एसी झकास आहे."