बाळंतिणीच्या खोलीतला एसी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या सिस्टर इथल्या, ओमानमधल्या सोहार औद्योगिक वसाहतीतल्या दवाखान्यात नर्स आहेत. मूळच्या रत्नागिरीकडच्या. कुणाच्याही घरात शिरल्या की आधी खोलीचा वास घेतात, मग माणसांशी बोलतात. प्रत्येक हुकमाच्या शेवटी ‘खलास’ म्हणतात, म्हणजे पुढे वाद नाही.

माझी बायको बाळंत झाली तेव्हा गावाहून आई आली होती. इथल्या ऐन जूनच्या भाजत्या उन्हाळ्यात तिनं एसी बंद केला, खिडक्या लावल्या, बायकोच्या कानांना फडकं बांधलं आणि पाणी तोडलं. बाळंतिणीला पाणी बाधतं म्हणे!

सिस्टरनी वास घेतला, बायकोचे सुकलेले ओठ पाहिले. मग आईला पलंगावर बसवून तिच्याही कानांना फडकं बांधलं, अंगावर गोधडी टाकली आणि स्वतः दार अडवून उभ्या राहिल्या.

“आम्ही अशीच पोरं वाढवली,” आई तणतणली.

“सगळी जगली, मावशी?”

माझ्या आधीच्या बहिणीचं नाव आमच्या घरात कुणी काढत नाही.

बऱ्याच वेळानं आई म्हणाली, “बाई, घोटभर पाणी द्या.”

सिस्टरनी ग्लास भरला आणि आईसमोरून नेऊन बायकोच्या ओठांना लावला.

“आधी हिला. खलास.”