जिनिंगमधला भोंगा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सांगते, कारण ते खरं आहे आणि फुकट मिळालेलं नाही. आता हैदराबादेत सर्किट बोर्डांची आखणी करते. कोणता पुर्जा कुठे बसवायचा, तांब्याची कोणती रेघ कुठून न्यायची, ते ठरवते.

आई मात्र अजून आदिलाबादच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसातला पालापाचोळा वेचते. तिची बसायची जागा सगळ्यात आत, ढिगामागे. कापसाची आग आधी दिसत नाही. ठिणगी ढिगाच्या पोटात शिरते, आतल्या आत खात राहते, आणि धूर दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून जिनिंगच्या मालकाने, सेठने, ठिणगी ओळखणारं यंत्र लावलं होतं. ठिणगी दिसली की भोंगा वाजायचा. पण मशीनची नुसती मोटार सुरू झाली तरी वाजायचा.

"मशीन अच्छी है, बस चिल्लाती बहुत है," मागच्या सुट्टीत मी ते यंत्र बघायला मागितलं तेव्हा सेठ म्हणाले.

बोर्ड उघडताच कळलं. सेन्सरची नाजूक रेघ मोटार चालू-बंद करणाऱ्या रिलेला खेटून नेलेली, दोघांना ग्राउंड, म्हणजे वीज परतायची वाट, एकच, तोही केसासारखा बारीक. रिले खटकली की ग्राउंड हलायचा आणि बोर्डाला वाटायचं, ठिणगी. मी नवा बोर्ड आखला. रिले एका टोकाला, सेन्सर दुसऱ्या, खाली ग्राउंडसाठी तांब्याचा सलग थर, चिपच्या अगदी पायाशी विजेचे झटके शोषणारा कपॅसिटर. ऐन हंगामात येऊन तो बसवला. मोटारी एकामागून एक सुरू करून पाहिल्या, बंद केल्या. भोंगा गप्प. सेठने चहा मागवला. माझीही मान जरा ताठ झाली.

मग कोणाला न सांगता सेन्सरसमोर ठिणगीसारखा चमकणारा चाचणीचा दिवा धरला. भोंगा वाजला, वाजायला हवा तसाच.

कोणी मान वर केली नाही. बायकांचे हात चालूच. मी ढिगामागे गेले.

"आई, भोंगा वाजून राह्यला ना. उठली काऊन नाही?"

"तो त रोजच वाजते. उठत बसलो त वेचाव कोणं?"

"आता खोटा वाजणार नाही. मी नवा बोर्ड लावला."

शेजारची मावशी कापसातून डोकं न काढता म्हणाली, "मागच्या खेपेले आलते ते साहेबबी असंच सांगून गेले, इंजिनिअरीनबाई."

बायका हसल्या. आईपण हसली.

मी तिचा हात धरला. "चाल, दारापर्यंत चालून दाखव."

लेकीचं मन राखायला ती उठली. बाहेर पडायला भिंत आणि ढीग यांच्यामध्ये एका माणसापुरती एकच वाट होती. आम्ही दाराशी पोचलो, तिथे कापसाचा ट्रॅक्टर ढिगावर रिकामा होत होता.

"झालं तुह्या मनासारखं? जाय आता, बस सुटते तुही."

ती वळली. तेवढ्यात कापूस घसरून ती वाट अर्धी बुजली होती. ढिगावर हात टेकत, आडवी होऊन ती आत शिरली आणि दिसेनाशी झाली.

मोटारी पुन्हा सुरू झाल्या. भोंगा वाजला नाही.