खिडकीखालची बारावी डबी

ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. मीही हसायचेच. बारा वर्षं लोकांचे बेडके तपासतेय मी… लिंबू-मिरची, अमावस्या-बिमावस्या असल्या थेरांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आता बसलाय असंही नाही. पण घडलं ते घडलं.

मी मूळची कळंबची. बारामती-इंदापूर भागात टीबीच्या तपासणीला लॅब टेक्निशियन म्हणून फिरते. त्यात एक सबजेलही येतं. कुठलं ते विचारू नका, नोकरी करायचीय मला. एक बराक, एक खिडकी आणि आठ जणांच्या जागेत एकवीस कच्चे कैदी. एक खोकला की बाकीचे वीस तीच हवा ओढतात.

गेल्या वर्षी तिथे खिडकीखाली बबनतात्या झोपायचे. सुप्याकडचे म्हातारे, बांधाच्या भांडणात आत आलेले. त्यांना बेडक्यासाठी डबी दिली, तर आत नुसती थुंकी! मी सगळ्यांदेखत डाफरले, "तात्या, थुंकी नको, बेडका पाहिजे. एवढंही कळत नाही?"

"समद्यांम्होरं खाकरायला लाज वाटती, बाई. उद्या सकाळच्याला देतो की."

उद्या कोण येतंय! डबी कचऱ्यात टाकली, रजिस्टरला 'नमुना अयोग्य' लिहिलं आणि मोकळी झाले. दुसरी डबी ठेवून यायला हवी होती, नियमच आहे तसा. दोन महिन्यांनी कळलं, तात्या गेले. टीबीनंच. मी कुणाजवळ चकार शब्द काढला नाही.

यंदा उन्हाळ्यात पुन्हा गेले. हवालदार दारातच तिरसटपणे म्हणाला, "लवकर उरका, मॅडम. ह्यांचा एवढा पुळका कशाला? मेली तर मेली."

"हवा तुम्हीपण तीच ओढताय, हवालदार," म्हटलं. मग कुलूप काढलं.

अकरा जण खोकणारे निघाले. संध्याकाळी अकरा डब्या देऊन आले, सकाळी चहाच्या आधी गोळा केल्या. नाव मी डबीच्या अंगावरच लिहिते, झाकणावर कधीच नाही — झाकणं बदलतात. नावाखाली दोन रेघा मारते, ती माझी सवय.

लॅबमध्ये खोका उघडला… डब्या बारा! बारावीवर माझंच अक्षर, खाली दोन रेघा. नाव — बबन.

डबी उजेडात धरून पुन्हा वाचली. मग संताप आला. हवालदाराला फोन लावून चांगला झापला, मेलेल्या माणसाची चेष्टा करता का म्हणून. तो उलट माझ्यावरच खेकसला, "तुमच्या डब्या, तुमचं पेन. मला काय इचारता?" शेवटी सगळ्या डब्या मशीनला लावल्या. अकरा निगेटिव्ह. बारावी पॉझिटिव्ह.

दुसऱ्या दिवशी जाऊन उरलेल्या दहा जणांनाही डब्या दिल्या, आणि एक सापडला. सोपान, नरसिंहपूरचा, तिशीतला. खिडकीखालीच झोपणारा. आजारी निघालो तर जामिनाची तारीख हुकेल, म्हणून आदल्या वेळी खोकला दाबून बसला होता शहाणा!

"परवाची ती डबी तूच भरलीस ना?"

"न्हाय मॅडम, आईशप्पत. हातसुदिक लावला न्हाय."

"बबनतात्या माहितीयत?"

"कोन तात्या? मी दिवाळीनंतर आलोय हितं." मग म्हणाला, "पन त्या दिशी दिस उगवायच्या टायमाला कोनतरी माझ्या उशाला बसून खाकरत हुतं. म्हातारं मानूस हुतं. भिंतीकडं तोंड करून. मला वाटलं, लाजतंय."

सोपानची औषधं वेळेत सुरू झाली. आता बरा होतोय, जामीनही झालाय. बारावी डबी कुणी भरली, माझ्या अक्षरात नाव कुणी लिहिलं… मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर तुमच्याजवळच ठेवा, मला शिकवायला येऊ नका.

तात्या, चुकलं माझं. तेव्हापासून दर खेपेला मी खिडकीखाली एक डबी जास्तीची ठेवते. हवालदार हसतो. सकाळी ती रिकामीच मिळते, तरी ठेवते.