रुळाला तिरपं जाऊ नये

लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा सासूबाईंनी मला स्वयंपाकघरातले डबे दाखवले नाहीत. हातावरची मेंदी उतरायच्या आत त्या मला पायी रेल्वे फाटकावर घेऊन गेल्या, रस्त्यातले रूळ दाखवले आणि म्हणाल्या, "साधना, याले कधी तिरपं जाऊ नोको. सामोरून जाय. बाकी घरात तुले जसं जमन तसं कर."

मी आर्णीची. आमच्याकडे रूळही नाहीत आणि मला सायकलही येत नव्हती. तरी मी मान हलवली. नव्या सुनेला तेवढंच येत असतं.

सासूबाईंचं नाव इंदूबाई. शाळेत मुलांची खिचडी शिजवतात आणि साठीला टेकल्या तरी सायकलवरच जातात. पदर कमरेला खोचलेला, पुढच्या टोपलीत पालक नाहीतर कोथिंबीर, आणि तोंडानं अखंड जयभीम. ज्याला जयभीम घालत नाहीत त्याला आदाब किंवा रामराम घालतात, आणि ज्याच्याशी भांडण आहे त्याच्यासाठी नुसती घंटी वाजवतात. घंटी कोणासाठी वाजली हे सगळ्या गल्लीला कळतं.

आमचं गाव यवतमाळ-दारव्हा पट्ट्यातलं. पूर्वी इथून छोटी गाडी जायची. ती इतकी सावकाश यायची की फाटकावरचे बळीराम, म्हणजे माझे सासरे, ती दिसल्यावर चहा ठेवायचे, प्यायचे, कप विसळायचे आणि मग फाटक लावायचे. हे रूळ मुख्य रस्त्याला सरळ कापत नव्हते, तिरपे जात होते. सायकलवाला आपल्या नादात सरळ गेला की पुढचं चाक रुळाच्या खाचेत बसलंच. मग सायकल रेल्वेच्या दिशेनं आणि माणूस गावाच्या दिशेनं.

इंदूबाई तरुणपणी तशाच पडल्या होत्या. शिवणाच्या क्लासला निघालेल्या, बापाची मोठ्या दांडीची सायकल, पाय जेमतेम पुरत होते. पडल्या आणि मनगट मोडलं. बळीराम धावत आले. "त्यानं आधी रूळ पाह्यला, मंग मले पाह्यलं," हे त्या आजही पाहुण्यांना सांगतात. सासऱ्यांचं उत्तरही ठरलेलं आहे: "रूळ सरकारचा होता वो. तुह्यासाठी मले जाब कोण इचारणार होतं?" या उत्तरावरून त्या तेव्हा प्लास्टरचा हात घेऊन भांडायला फाटकावर जाऊ लागल्या, आणि भांडण इतकं लांबलं की शेवटी दोन्ही घरांनी लग्न लावून टाकलं.

तेव्हापासून त्यांचा नियम. रुळाच्या अलीकडे वेग कमी करायचा, मागे पाहायचं, हात दाखवायचा, सायकल रस्त्याच्या डाव्या कडेला न्यायची आणि तिथून उजवीकडे वळवून रुळाला बरोबर समोरून भिडायचं. चाक काटकोनात गेलं की खाच काही करत नाही. ओलांडून झालं की पुन्हा आपली वाट. पावसात रूळ ओला असला तर उतरून, हातात सायकल धरून पलीकडे जायचं आणि त्यात लाज वाटून घ्यायची नाही. हे त्यांनी आधी माझ्या नवऱ्याला, विक्कीला शिकवलं, मग त्याच्या मित्रांना, मग मोहल्ल्यातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला. गावातली निम्मी तरुण मंडळी त्या फाटकावर इंदूबाईंच्या शिव्या खात सायकल शिकली.

पुढे छोटी गाडी बंद पडली. रूळ राहिले, त्यांच्यात बाभळी उगवल्या, सासरे निवृत्त होऊन ओट्यावर बसले. आणि मग गावात नवा रस्ता आला.

रस्ता आला म्हणजे काय, सिमेंटचा एक जाड थर आला आणि त्यानं सगळं गाव कमरेएवढं बुटकं करून टाकलं. दुकानाच्या पायऱ्या खाली गेल्या. रस्त्यातले रूळ त्या थराखाली गाडले गेले. मधोमध दुभाजक आला आणि जिथे पूर्वी चौक होता तिथे गोल सर्कल आलं. त्या सर्कलमध्ये काय बसवायचं यावर गावात एकमत झालं नाही, म्हणून ते रिकामंच आहे. त्याला कुठून वळसा घालायचा यावरही एकमत झालेलं नाही. ज्याला जी बाजू जवळ पडते ती त्याची डावी.

इंदूबाईंनी हे सगळं अगदी शांतपणे घेतलं. एका रविवारी चपला घातल्या, मला सोबत घेतलं आणि नवा रस्ता टोकापासून टोकापर्यंत पायी पाहून आल्या. "रस्ता वळखीचा होईलोक त्याच्यावर सायकल घालाची नाई," म्हणाल्या. नालीवरच्या जाळ्यांपाशी थांबल्या. गज रस्त्याच्याच दिशेनं लावलेले होते, सायकलचं चाक आत जाईल असे. "हे पाह्य, रूळ गेले अन् त्यायचे नातेवाईक आले." म्हणून अगदी कडेनं जायचं नाही, जाळीपासून हातभर आत राहायचं, असं ठरलं. शाळेसमोर दुभाजकाला वाट ठेवलेली नाही, म्हणून पुढे सर्कलला वळसा घालून परत यायचं. सर्कलवर गर्दी असली तर उतरून पायी माणूस व्हायचं. "सायकलचं हेच बरं असते," त्या म्हणाल्या, "पाह्यजे तवा माणूस होता येते."

सगळ्यांनी असं केलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मी विक्कीबद्दल अजून काही सांगितलं नाही.

विक्की त्याच नव्या रस्त्यावरच्या एका शोरूममध्ये बॅटरीवरच्या स्कूटर विकतो. काचेतून रस्ता दिसतो, आणि रस्त्यावरून रोज स्कूटर विकणाऱ्याची आई घंटी वाजवत सायकलवरून जाताना दिसते. त्याचे मालक हसतात. विक्की वरवर म्हणतो की त्याला काही वाटत नाही. त्याला दुसरीही एक काळजी होती. बाहेरगावची गिऱ्हाइकं त्याच्या मागे बसून स्कूटरवर चक्कर मारून येत आणि तक्रार करत. उमरखेडचा एक गृहस्थ तर स्पष्ट म्हणाला, "गाडी चांगली हाय, पण मधातच झोल मारते, एकदम बाजूले जाते." विक्कीनं स्कूटर दोनदा तपासायला पाठवली. मेकॅनिकला काही सापडलं नाही. विक्की जेवताना त्या झोलाबद्दल बोलायचा आणि मी भाकरी वाढत राहायचे.

मग तो प्रकार झाला. इंदूबाई शाळेतून येत होत्या, आपल्या बाजूनं, नियमानं. समोरून एक ऑटो उलट्या दिशेनं आला आणि शोरूमच्या अगदी समोर त्यांच्या हॅंडलला घासून गेला. त्या पडल्या नाहीत. त्यांनी फक्त एक पाय टेकवला आणि ऑटोवाल्याच्या खानदानाची विचारपूस केली. पण विक्कीनं ते काचेतून पाहिलं. घरी आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता, आणि मला त्याचा राग आला नाही. तो खरंच घाबरला होता.

"माय, सायकल आता बंद," तो म्हणाला. "मी नेऊन सोडत जाईन. सायकल बशीरभाईच्या जुन्या सायकलीच्या दुकानात देऊन टाकू."

इंदूबाई उठल्या आणि बाहेर जाऊन सायकल पुसू लागल्या. हे भयंकर होतं, कारण त्या भांडण सोडून उठल्या असा प्रसंग घरात कोणाला माहीत नव्हता. नंतर तांदूळ निवडताना मला म्हणाल्या, "तो मले पोत्यासारखी मांगं बसवून नेईन अन् पोत्यासारखी उतरवीन. रस्त्यात कोनासंग बोलता येणार नाई. साधना, माहं जाणं-येणं माह्या हातात हाय तोवर मी म्हातारी नाई. मंग मात्र होईन." आणि त्यांनी डोळे पुसले. तांदळात कोंडा नव्हता, मी पाहिलं होतं.

मग मीच मधे पडले. म्हटलं, एकदा परीक्षा घ्या. आई सायकलवर शाळेत जातील, आपण स्कूटरवर मागे. त्यांनी एक जरी चूक केली तरी सायकल बशीरभाईकडे. नाही केली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. विक्की तयार झाला, कारण चूक होणारच याची त्याला खात्री होती. सासरे ओट्यावरून म्हणाले, "साधना पंच राहीन. मी राह्यलो तं रात्री जेवाले भेटणार नाई."

दुसऱ्या दिवशी निघालो. पुढे इंदूबाई, मागे विक्की, त्याच्यामागे मी, डबा मांडीवर. मी सांगते, त्या बाईनं सायकल अशी चालवली की मला आर्णीतल्या माझ्या सगळ्या भावांची लाज वाटली. नालीपासून हातभर आत. उभ्या गाड्यांच्या दाराला अंतर ठेवून. एक टेम्पो मागून भोंगा वाजवत आला तर बिचकल्या नाहीत, कडेला पळाल्या नाहीत, जागा मिळाल्यावरच बाजू दिली. विक्की मागून नुसता हं, हं करत होता. बशीरभाई दुकानाच्या दारात उभे होते. त्यांना बातमी कळली होती. त्यांनी ओरडून सांगितलं, "विक्की, ये सायकल मैं लेनेवाला नहीं, पैलेच बताता." इंदूबाईंनी त्यांना घंटी न वाजवता आदाब केला.

आणि मग जुनं फाटक आलं. म्हणजे तिथे काही आलं नाही. पांढरा सपाट सिमेंटचा रस्ता, रुळाची खूणसुद्धा नाही, फक्त दोन्ही बाजूंच्या बाभळींत गंजलेली टोकं. इंदूबाईंनी वेग कमी केला. मागे पाहिलं. हात दाखवला. सायकल डावीकडे घेतली, मग उजवीकडे वळवली, नसलेल्या रुळाला बरोबर समोरून भिडल्या, ओलांडल्या आणि आपल्या वाटेला लागल्या.

"पाह्यलं?" विक्की ओरडला. "पाह्यलं न तू? रूळ नाई न काई नाई, अन् भर रस्त्यात..."

तो हे बोलत असताना आमची स्कूटर डावीकडे गेली, मग उजवीकडे गेली, आणि मग सरळ झाली. माझ्या मांडीवरचा डबा निसटला, तो मी गुडघ्यात धरला. मागून मोटारसायकलवाल्यानं ब्रेक दाबून शिवी दिली. विक्की बोलतच होता. त्याला काहीच कळलं नव्हतं.

मी डबा पुन्हा मांडीवर घेतला. पंचानं मैदानात बोलू नये.

सर्कल इंदूबाईंनी उतरून, पायी पार केलं आणि शाळेच्या दाराशी सायकल लावली. खिचडीच्या बाकीच्या बायका चुली सोडून बाहेर आल्या होत्या. विक्कीनं सगळ्यांसमोर निकाल लावला. बाकी सगळं बरोबर, पण फाटकावर, मागे पाहून आणि हात दाखवून का होईना, कारण नसताना वळण घेतलं, हे आजच्या रस्त्यावर जिवावर बेतेल, तेव्हा सायकल जाणार. इंदूबाईंचा चेहरा पडला. त्यांना स्वतःला ते वळण घेतल्याचं आठवतही नव्हतं. "वळली का मी?" त्यांनी मला विचारलं.

"वळल्या, आई," मी म्हटलं. मग विक्कीकडे पाहिलं. "पण तुम्ही काहून वळले?"

"मी? कुठं?"

"तिथंच. मागच्या मोटारसायकलवाल्यानं शिवी दिली, तीही नाही ऐकली?"

"काईच्या काई बोलून राह्यली." तो एवढा चिडला की स्कूटर फिरवून सिद्ध करायला परत फाटकाकडे गेला. आम्ही शाळेच्या दारातून पाहत राहिलो. विक्की पलीकडे गेला, परत फिरला, पाठ ताठ केली, नजर समोर ठेवली आणि सरळ आला. सरळ, अगदी सरळ, आणि बाभळींपाशी आल्यावर डावीकडे, मग उजवीकडे. खिचडीवाल्या बायका पदरात तोंड घालून हसल्या. त्याच्यामागून एक मोटारसायकल आली, तीही तशीच वळली. मग दोन सायकली. मग यष्टी आली. तिचा ड्रायव्हर आमच्याच मोहल्ल्यातला. ती मोठी, म्हणून थोडीच वळली, पण वळली.

विक्की कडेला थांबून आपल्या हॅंडलकडे पाहत होता. मला दुरून कळलं की त्याला आता उमरखेडचा गृहस्थ आठवला आहे.

तो परत आला. इंदूबाई त्याच्याजवळ गेल्या. मला वाटलं आता त्या जिंकल्याचं सांगतील, सायकल मागतील. त्यांच्या मनात ते नव्हतं. त्यांचा आवाज फाटकावर मुलांना शिकवताना असायचा तसा होता.

"विक्की, तुह्याच म्हणण्यानं मी मांगं पाह्यलं होतं अन् हात दाखवला होता. तू दोनी खेपेले न पाहता वळला, मांगून गाडी येऊन राह्यली होती." त्यांनी त्याच्या दंडाला धरलं. "स्कूटर काई दिवस राहू दे. माह्यासंग पायी येत जाय."

मी पंच होते, निकाल दिला. सायकल राहिली. पुढच्या रविवारी दोघं मायलेक पायी निघाले आणि त्या जागेवरून सरळ चालायचा सराव करू लागले. विक्कीला अजून जमलेलं नाही.