शेठच्या नावाची गाडी

मेहरूणमधल्या आमच्या गल्लीत पितांबर आबांइतका हट्टी माणूस दुसरा झाला नाही. तरुणपणी धुळ्याकडून आले, डाळमिलमध्ये हमाल झाले आणि लाल बावट्याचे पुढारी होऊन बसले. तेव्हा मिलमालक पुष्कळ होते. एकाशी बिनसलं तर दुसऱ्याचं दार उघडं असायचं. बघता बघता सगळ्या मिल प्रेमराजशेठच्या झाल्या. पाठोपाठ दवाखाना, शाळा, कोपऱ्यावरचं थंड पाण्याचं केंद्र, अगदी स्मशानात नेणारी गाडीसुद्धा. प्रत्येकावर शेठचं नाव. शेठ माणूस म्हणून वाईट नव्हता, हीच तर खरी पंचाईत!

आबा म्हणायचे, "घाम आपला नि नाव त्यानं! त्यानं फुकटनं काहीच मन्हा घरमा नको."

बोलायला काय जातं? निभावलं धुरपदाबाईने. मूलबाळ नव्हतं, नवऱ्याचा हट्टच तिने पोरासारखा सांभाळला. कोपऱ्यावरचं पाणी सोडून ती लांबच्या नळावरून हंडे आणायची. मिलमध्ये डाळ निवडायला बाकीच्या बायका शेठच्या बसने जायच्या, ही उन्हातान्हात पायी. मजुरी हक्काची, बस मेहरबानीची, असं आबांचं म्हणणं. तिचे गुडघे गेले, तरी तक्रार नाही. मला आबांचा फार राग यायचा. विचार खरा होता हो, पण त्याचं ओझं तिच्या डोक्यावर होतं.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. संघटनेची जुनी रीत होती, सभासदाच्या घरी मयत झाली की हमाली बंद आणि सगळे खांद्याला हजर. आबा ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत होते. "येतीन," म्हणत होते, "बठ्ठा येतीन."

सगळे राहिले बाजूला, कोणी आलं नाही. आता सगळी पोरं कंत्राटावर. पाळी चुकवली की दुसऱ्या दिवशी गेट बंद. शेवटी आम्हीच चार म्हाताऱ्यांनी तिरडी उचलली. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि आबांचे जुने सोबती जीवराम नाना लटपटले. तिरडी कलंडली. बायका किंचाळल्या. पाण्याच्या केंद्रासमोरच आम्ही ती कशीबशी खाली टेकवली.

शेठने न मागता पाठवलेली गाडी मागून हळूहळू येतच होती. ड्रायव्हर निंबा एकेकाळी आबांच्याच संघटनेतला. तो उतरला आणि मान खाली घालून उभा राहिला.

आबांनी हातातलं विस्तवाचं मडकं खाली ठेवलं. गाडीचं मागचं दार स्वतः उघडलं. मग धुरपदाबाईच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाले, "जलमभर पायी चालनी तू. आते तरी गाडीमा बठ."

माझा इतकी वर्षं धरलेला राग कुठे गेला कोण जाणे.

निंबा म्हणाला, "आबा, तुम्ही पुढे बसा."

आबा बसले नाहीत. मडकं उचलून गाडीपुढे पायीच निघाले, आणि निंबाने सबंध रस्त्यात एकदाही हॉर्न वाजवला नाही.