मागच्या दोन खोल्या अन् सोडलेलं संत्रं

नवस बोलताना माणसानं जरा विचार करावा. मी केला नाही. सोमवारी महादेवाच्या देवळात उभी होते, डोळे मिटले आणि बोलून गेले, "देवा, माझी आई माझ्या घरचं पाणी पीत नाही तोवर मी संत्रं तोंडात घालणार नाही."

डोळे उघडले तेव्हा लक्षात आलं, की आपण नागपुरात राहतो!

त्यातून आमच्या परसात संत्र्याचं झाड. नवस बोलले त्या वर्षी ते असं लगडलं, की फांद्यांना टेकू द्यावे लागले. आमचे हे झाडाखाली खुर्ची टाकून, एक-एक फोड सोलून खात आणि म्हणत, "महादेव पावला गं! पण मला पावला."

घर बांधून झालं तरी उरलेल्या विटा परसात पडून राहतात ना, तसे त्या दिवसांतले किस्से माझ्याकडे पडून आहेत. चार बाया बसल्या, की मी एकेक वीट उचलते.

*

आई नागपूरजवळ खाप्याला एकटी राहायची. वडील गेलेले, मुलगा नाही, मी एकुलती लेक. घरात हातमाग होता, त्यावर लुगडी विणायची. एकदा दोन दिवस तापानं पडून होती आणि शेजारणीला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही माग वाजला नाही म्हणून! मला तर पोस्टकार्ड आलं तेव्हा समजलं. त्या दिवसापासून मी तिच्यामागे लागले.

"आई, माझ्याकडे ये," असं किती वेळा म्हटलं असेल! पण तिचा नेम पक्का. लेकीच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. नातवंड झालं की हा नेम सुटतो म्हणतात. मला दोन लेकी झाल्या, तरी आईचा सुटला नाही.

मला भेटायला ती सकाळच्या एस.टी.नं यायची, ती फडक्यात बांधलेली भाकर आणि कन्हान नदीच्या पाण्यानं भरलेली कळशी घेऊन. दिवसभर बाहेर ओसरीतच बसायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. कंडक्टर तिला ओळखायचा. म्हणायचा, "आजी, कळशीचं तिकीट काढा, ती बी सीटवर बसली हाये!"

एकदा यांनी तिला बरोबर पकडलं. "आई, तुम्ही कन्हानचं पाणी पिता. आमच्या नळाला पाणी कुठून येतं, माहीत आहे? कन्हानहूनच!"

आईनं कळशीवरचं फडकं नीट केलं. "नदी माही हाये, जावईबापू. नळ तुमचा हाये."

ती गेल्यावर, ओव्हरटाइम करून दमलेला माणूस बोलतो तसे हे मला म्हणाले, "नवस जरा जड बोललीस तू."

*

आमचं ले-आउट, म्हणजे प्लॉट पाडलेली नवी वस्ती, बेसा रोडच्या बाजूला. तेव्हा आमच्या पुढे तुरीची शेतं आणि कोल्हेच होते. प्लॉट लांबुळके, समोर घर आणि मागे नुसती जागा. सत्तरच्या आसपास तिथे मागच्या खोल्यांची साथच आली म्हणा ना! कोणाला भाडेकरू ठेवायचा होता, कोणाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, कोणाचे सासरे फार खोकायचे. विचारलं की उत्तर एकच, "काही नाही वं, मागं थोडं काढून राहिलो."

शेजारच्या बोंदरेभाऊंनीही काढलं. नकाशा लवकर पास व्हावा म्हणून त्यावर त्यांनी 'गुरांचा गोठा' असं लिहिलं. खोली तयार झाली आणि एके सकाळी ओव्हरसियर साहेब तपासणीला हजर!

भाऊ मागच्या गल्लीतून धावले आणि गवळ्याची गाय मागून घेऊन आले. साहेबांनी खोली पाहिली. खाली मोझॅकची फरशी, खिडकीला जाळीचा पडदा, भिंतीत आरशाचं कपाट.

"गोठ्यात मोझॅक?" साहेबांनी विचारलं.

बोंदरेकाकू पदर सावरत म्हणाल्या, "आमची गाय जराशी नाजूक हाये, साहेब."

"आणि आरसा?"

यावर काकूंनी यजमानांकडे पाहिलं. भाऊंनी गाईकडे पाहिलं. गाय काही बोलली नाही.

साहेब हसत हसत काय लिहून गेले ते देव जाणे. खोली राहिली. पण गाय त्या फरशीवरून उठेना! गवळ्यानं सरकीची ढेप दाखवली, गूळ दाखवला. संध्याकाळी नेली तेव्हा जाता जाता ती तीनदा मागे वळून बघत होती.

*

कापसे मास्तरांच्या परसात औदुंबर होता. आता दत्ताचं झाड तोडायचं कसं? मास्तरांनी तोडलं नाही. त्याच्याभोवतीच खोली बांधली! खोड खोलीच्या मधोमध आणि शेंडा कौलांतून वर.

भाडेकरू आले विजेच्या ऑफिसातले एक साहेब. चाळिशीला टेकलेले, अविवाहित, फार सभ्य. झाडाकडे पाहून एवढंच म्हणाले, "भाड्यात हे धरलं आहे का?"

मास्तरांनी एक गोष्ट मात्र सांगायची राहून गेली. ले-आउटमधल्या आम्ही सात बाया दर गुरुवारी त्या औदुंबराला प्रदक्षिणा घालायचो. नेम तो नेम! पहिल्या गुरुवारी दार लोटून आम्ही आत गेलो, तर साहेबांची खाट खोडाला लावलेली. साहेब पांघरुणात. उठवावं तर संकोच आणि न उठवावं तर नेम मोडतो. शेवटी झाडासकट खाटेला एकशे आठ फेऱ्या घातल्या. साठाव्या फेरीला पांघरुणातून आवाज आला, "झालं का हो?"

"अजून थोड्या राहिल्या, भाऊजी. तुम्ही झोपा," मी म्हटलं.

त्याच वर्षी त्यांचं लग्न जुळलं! दहा वर्षं कुठे जुळत नव्हतं. तेव्हापासून मास्तरांच्या खोलीला उपवर मुलांचीच मागणी.

*

हे सगळं बघत होते आणि एक दिवस डोक्यात उजेड पडला. मी यांना म्हटलं, "आपणही मागे थोडं काढायचं का? दार वेगळं, चूल वेगळी, मोरी वेगळी. मग ते लेकीचं घर कसं होईल?"

हे मला काही न बोलता रविवारी खाप्याला गेले. जाऊन आईसमोर बसले आणि म्हणाले, "आई, मागे दोन खोल्या काढतो आहे. भला भाडेकरू पाहिजे. तुमच्या पाहण्यात कोणी आहे का?"

आईनं माग थांबवला नाही. विणता विणताच म्हणाली, "भाडं काय घेसान?"

"वर्षाला एक लुगडं."

"काठ कोणता?"

"मालकीणबाईंना विचारून सांगतो!"

ठरलं. पण भाडेकरणीची एक अट होती. माग बरोबर येणार, आणि तिचा माग खड्ड्यातला. म्हणजे विणणारी जमिनीवर बसते, पाय खाली खड्ड्यात सोडते आणि पावड्या पायानं दाबते. तेव्हा खोलीत खड्डा हवा आणि उजेडासाठी खिडकी थेट जमिनीलगत.

गुलाबराव मिस्त्रींनी खिडकी बसवली. बोंदरेकाकू येऊन बघून गेल्या. "काहून वं शांताबाई, मांजरीसाठी केली का ही खिडकी?"

मग खड्डा खणायला घेतला आणि ले-आउटमध्ये बातमी पसरली, शांताबाईच्या मागच्या खोलीत गुप्तधन आहे! नाही तर भरल्या घरात, छत घातल्यावर, खोलीच्या आत कोण खणतं?

मिस्त्री मोठे वस्ताद. कोणी विचारलं की हात थांबवायचे, इकडेतिकडे बघायचे आणि हळूच म्हणायचे, "आजून दोन हात खाली हाये गा."

काकू नारळ आणि हळदकुंकू घेऊन आल्या. खड्ड्याची पूजा केली. मला बाजूला घेऊन विचारलं, "नाग दिसला का वं?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर हे मागून म्हणाले, "काकू, बोलू नका. बोललं की धन सरकतं." काकू चार दिवस मुक्या! बोंदरेभाऊ येऊन यांचे आभार मानून गेले.

पुढच्या आठवड्यात आई आली, टेम्पोत मागाची लाकडं घेऊन. माग लागला. काकू दारातून वाकून बघतात, तर खड्ड्यात आईचे पाय!

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "हेच का ते धन?"

*

तर आई आली. माग वाजायला लागला. सकाळी चहा ठेवता ठेवता मी तो खटखट आवाज ऐकायची आणि मग देवाला दिवा लावायची.

पण संत्रं? ते राहिलंच! आई आली खरी, पण पाणी अजून तिच्याच घरचं पीत होती. यांनी वकिली करून पाहिली. "नळ एक, पाइप एक, नवस फिटला!"

मी म्हटलं, "देवाला पाइप दाखवायचा का?"

सारं ले-आउट या नवसाबद्दल जाणून होतं. फक्त आईला माहीत नव्हतं. कळलं असतं तर तिच्यावर भार झाला असता. तिला मी सांगून ठेवलं होतं की संत्र्यानं मला खोकला होतो.

त्या दिवाळीला आईनं धाकटीच्या हाती निरोप पाठवला, "आईला सांग, माहेरपणाला ये."

मी खरोखर पेटी भरली! लग्नानंतर इतकी वर्षं खाप्याला चार दिवस राहणं कधी झालंच नव्हतं. नवं लुगडं नेसले. हे पेटी घेऊन पुढे, मी मागे, आणि लेकी माझ्या मागे. वीस पावलं. धाकटी म्हणाली, "बसायला जागा मिळाली नाही, उभ्यानंच यावं लागलं!"

दारात आईनं माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. चार दिवस मला उठू दिलं नाही. दुसऱ्याच संध्याकाळी हे दारात हजर. "चहाची साखर कुठे ठेवली आहेस?"

आई आतून म्हणाली, "जावईबापू, लेक माहेरी आली की मधातच न्यायले येते का कोणी? जा, शोधा!"

*

आता शेवटचं सांगते.

दुसऱ्या वर्षी माघात मी तापानं पडले. सात दिवस. तोंडाला चव नाही, पेज नको, औषध नको. माझ्या आजारपणात आई पहिल्यांदा माझ्या घराचा उंबरठा ओलांडून आत आली. रोज उशाशी बसायची, आणि तहान लागली की पाणी प्यायला मागे जाऊन यायची. वीस पावलं जायचं, वीस पावलं यायचं. गुडघे दुखायचे तिचे.

आठव्या दिवशी दुपारी तिनं झाडाचं संत्रं आणलं. सोललं, शिरा काढल्या आणि एक फोड माझ्या ओठांशी धरली. "खाय वं. तोंडाले चव येईन."

मी मान फिरवली. "खोकला होतो मला."

"एका फोडीनं काही होत नाही."

मी परत मान फिरवली. बोंदरेकाकू खुर्चीत बसल्या होत्या. दोन वर्षं त्यांनी ही गोष्ट पोटात ठेवली होती. काकूंच्या पोटाला ते किती जड गेलं असेल, विचार करा! त्यांना राहवलं नाही.

"मावशी, खोकला-बिकला काही नाही. तिनं नवस बोलला हाये. तुम्ही हिच्या घरचं पाणी पेत नाही तोवर संत्रं खाणार नाही."

हे दारात उभे होते.

आईनं ती फोड परत वाटीत ठेवली. उठली. माझ्या स्वयंपाकघरात गेली. मला भांड्याचा आवाज आला, मग माठावरचं झाकण उचलल्याचा. ती पेला भरून बाहेर घेऊन आली आणि माझ्यासमोर उभी राहून, एक घोट, दोन घोट, सगळा पेला प्याली. पदरानं तोंड पुसलं.

मग यांच्याकडे वळून म्हणाली, "हो जावईबापू. कन्हानचंच हाये."

आणि ती फोड पुन्हा माझ्या ओठांशी धरली.

तुमच्या घरामागे जागा रिकामी असेल ना, तर बाई, एवढं करा. दोनच खोल्या काढा. दार मात्र वेगळं ठेवा. आणि देवाजवळ काही सोडायचं असेल तर सोडा, नक्की सोडा, पण माझं ऐका, कारलं सोडा!