आज कोणतं विमान?

सकाळी ताईचा मेसेज आला नाही. एवढंच झालं, पण माझा चहा तसाच राहिला.

ताई एका परदेशी एअरलाइनमध्ये केबिन क्रू आहे. लांब पल्ल्याच्या फ्लाइटवर जाते आणि निघण्याआधी मला फक्त विमानाचं नाव पाठवते. ‘ट्रिपल सेव्हन’, नाहीतर ‘थ्री-एटी’. मी अमरावतीत क्लाससाठी राहते, आईबाबा अकोल्यात, जुन्या शहरात. या विमानांवरून आमच्या घरी इतके किस्से झालेत, की पाहुण्यांना चिवड्याबरोबर वाढता येतील. मेसेजची वाट बघत तेच आठवत बसले.

*

थ्री-एटी दुमजली, चार इंजिनांचं. ते आईला पसंत. ट्रिपल सेव्हनला दोनच इंजिनं असतात हे कळलं, तेव्हा तिचा भाजी निवडणारा हात थांबला.

“एक बंद पडलं त?”

“एकावरबी उडते ते, आई,” ताई म्हणाली.

“मंग दुसरं कायले लावलं?”

*

बाबा एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. ट्रिपल सेव्हनला चौदा चाकं, हे ऐकून त्यांनी गंभीरपणे विचारलं, “अन् स्टेपनी?”

“नसते, बाबा.”

बाबा आईकडे वळले. “पाह्य. अन् तू म्हने, एसटीची नोकरी धोक्याची.”

सगळे हसले. मी त्या दिवसापासून ताई उतरेपर्यंत चाकांचाच विचार करते.

*

शेजारच्या काकूंना दुमजली विमानाचा फोटो दाखवला.

“वरच्या मजल्याचं भाडं कमी असन ना वं?”

मी म्हटलं, “उलट. वर पैसेवाले बसतात, काकू.”

“जिना चढून? मंग पैसा असून काय फायदा?”

*

एकदा ताई सुट्टीवर ड्रीमलायनरनं गेली आणि खिडकीतून पंखाचा व्हिडिओ पाठवला. अख्खा पंख वर वाकलेला! मी फोन गादीवर फेकला.

“वाकते म्हणून त मोडत नाही,” ताईनं समजावलं. तेच मी आईला सांगितलं. खरं तर मलाच धीर हवा होता.

आई म्हणाली, “मीबी वाकूनच झाडून रायली एवढी वर्षं. कंबर पाह्य माही.”

*

आता आजचं. दुपारपर्यंत मेसेज नाही, ताईचा फोन बंद. शेवटी मोबाइलवर फ्लाइट ट्रॅकर उघडला. तिनं पाठवलेल्या महिन्याच्या वेळापत्रकात आज ताईची ड्यूटी असलेली फ्लाइट वेळेवर निघाली होती, पण विमान होतं थ्री-फिफ्टी. कंपनीनं नव्यानंच घेतलेलं. ज्या विमानाचं ट्रेनिंग झालेलं नाही, त्यावर क्रूला ड्यूटी देताच येत नाही, आणि थ्री-फिफ्टीचं ताईचं झालेलं नाही.

म्हणजे ताई त्या विमानात नाहीच.

आजवर ती वर आहे म्हणून घाबरायचे. आज ती खाली आहे, तर जास्तच घाबरले. खाली आहे, मग फोन बंद काहून?

तिच्या रूममेटला लावला. नुसती रिंग. बाबांना लावला, तेही उचलेनात. आईला लावायचा नव्हता; उगाच तिचा जीव टांगणीला लागला असता. शेवटी लावलाच. दोनदा पूर्ण रिंग गेली. तिसऱ्यांदा उचलला, तेव्हा मी आवाज होईल तितका साधा ठेवला.

“आई, ताईचा फोन आलता काय?”

“बंदच राहीन तो दिवसभर. वर्ग हाये तिचा, नव्या विमानाचा. आमाले कालच सांगतलं तिनं. तुले सांगू नका म्हणे, तू घाबरतं.”